तेवढाच धक्का, दोन शहरं: जमिनीखालची ऊब आणि वरच्यांचा राग

राईनकाठचा (शनिवार, रात्री १०:४०)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेली अकरा वर्षं मी स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये राहतोय. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजीबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या काचेच्या कपाटात एक बशी आहे, कड उडालेली. बाकी सगळा संच धड आहे. ही एकच फुटकी बशी पुढे का मांडून ठेवलीत, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आठ डिसेंबर." साल सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मग मी वाचत गेलो. साल २००६. शहराच्या उत्तर टोकाला, बंदराच्या भागात, जमिनीखालची उष्णता वर आणायला ५ किलोमीटर खोल बोअर मारलं होतं. खाली तापलेला ग्रॅनाइट आहे, पण त्यात खेळतं पाणी नाही. म्हणून वरून दाबाने पाणी सोडून खडकातल्या फटी मोकळ्या करायच्या, मग एका बोअरमधून गार पाणी खाली आणि दुसऱ्यातून तापलेलं पाणी वर, अशी योजना होती. २ डिसेंबरला पाणी सोडायला सुरुवात झाली. सहा दिवसांत साडेअकरा हजार घनमीटरच्या आसपास पाणी खाली गेलं. बारीक धक्के बसणार हे धरूनच चाललेलं. ८ तारखेला जरा मोठा बसला, २.६ चा, तेव्हा पाणी बंद केलं. पण दाब काय लगेच उतरतो थोडाच! त्याच संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास ३.४ चा धक्का बसला. शुक्रवार होता, लोक घरी परतायच्या वेळेला. स्फोट व्हावा तसा आवाज झाला म्हणतात.

३.४ म्हणजे आपल्या हिशेबाने किरकोळ. पण हे शहर १८ ऑक्टोबर १३५६ ला भूकंपाने पार उद्ध्वस्त झालेलं आहे आणि ती तारीख इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भिंतींना तडे गेले म्हणून हजारोंनी अर्ज केले, भरपाईचा आकडा ७० लाख फ्रँकच्या पुढे गेला आणि २००९ मध्ये प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला.

आता दुसरं शहर. इथून ट्रेनने दोन-अडीच तासांवर सांक्ट गालेन. तिथेही खोल बोअर, तिथेही धक्का, २० जुलै २०१३ च्या पहाटे साडेपाचला. ३.५ चा, म्हणजे बाझलपेक्षा केसभर मोठाच. आणि तिथले बरेच लोक म्हणाले, थांबू नका, पुढे चालू ठेवा!

माझा प्रश्न एवढाच: धक्का तोच, मग लोक इतके वेगळे का?

आपल्याकडेही हा विषय येणारच आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात ऊन पाण्याच्या ३८१ जागा नोंदल्यात, त्यात आपल्या कोकणातल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचं भूऔष्णिक (म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेबद्दलचं) धोरणही आलंय. बोला.

---

चिवडा_लाडू (शनिवार, रात्री १०:५२)

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, सावकाश वाचेन.

---

मेगावॉट (शनिवार, रात्री ११:३०)

उत्तर सोपं आहे. बाझलचे लोक घाबरट आणि वकिलांच्या नादी लागलेले.

मी वीज क्षेत्रात बावीस वर्षं काढलीत, म्हणून जरा चिडून लिहितोय. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा लहरी. जमिनीखालची उष्णता रात्रंदिवस, बाराही महिने मिळते. धूर नाही, राख नाही, जागा थोडी. आइसलंडमध्ये हेल्लिशेइदी हे एकच केंद्र ३०० मेगावॉटच्या वर वीज देतं, शिवाय राजधानीला घरं तापवायला गरम पाणी. आणि एक बशी फुटली म्हणून आपण हे सोडून द्यायचं? कोळशाच्या राखेने किती फुफ्फुसं गेली त्याची बशी कोणी कपाटात ठेवत नाही.

आपल्याकडे तर प्रत्येकच गोष्टीला विरोध. लोकांना आधी समजावून सांगितलं की भावना आपोआप निवळतात.

---

राईनकाठचा (शनिवार, रात्री ११:५५)

@मेगावॉट, राखेच्या बशीचं वाक्य मान्य. जोरदार आहे.

पण आजीबाई घाबरट नाहीत हो. त्यांचंच सांगतो. "हादरलं तेव्हा नुसती दचकले. रेडिओवर ऐकलं की हे आपल्याच माणसांनी केलंय, तेव्हा हात थरथरायला लागले." म्हणजे भीती काही सेकंदांची होती, राग मागाहून आला आणि तोच टिकला. निसर्गावर कोण रागावणार? पण बटण दाबणारा माणूस असेल तर "मला विचारलं होतंस का?" हा प्रश्न येतोच.

आणि सांक्ट गालेनमध्ये नेमकं विचारलं होतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेतलं, ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. पैसा शहराचा, विहीर शहराच्या स्वतःच्या वीज-पाणी खात्याची. बोअरमध्ये अचानक गॅस शिरला, तो दाबायला पाणी आणि जड चिखल सोडला, त्यातून धक्का बसला. म्हणजे लोकांच्या लेखी तो "आपल्या विहिरीवरचा अपघात" होता. बाझलमध्येही सरकारचा पैसा होता म्हणा, पण पाच किलोमीटर खाली काय चाललंय हे बहुतेकांना त्या संध्याकाळीच कळलं.

---

पोफळी (रविवार, सकाळी ६:१०)

एरवी मी इथे फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझा जन्म १९५९ चा, वडील कोयना प्रकल्पावर होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटं. मी आठ वर्षांचा. आईने मला पांघरुणासकट उचललं एवढं आठवतं, आणि दाराची चौकट तिरकी झाल्यामुळे दार उघडेना तेव्हा वडिलांनी खांद्याने मारलेली धडक. बाहेर आलो तर सगळीकडे धूळ आणि गुरांचं हंबरणं. पुढचे कितीतरी दिवस आम्ही उघड्यावर झोपलो, डिसेंबरच्या थंडीत. दीडशेच्या वर माणसं गेली त्या पहाटे.

मुद्दा असा की १९६२ च्या सुमारास पाणी अडवायला लागले तेव्हापासून आमच्याकडे जमीन गुरगुरत होती. बायका नळावर म्हणायच्या, धरणाने पोट फुगलंय. साहेब लोक हसायचे. आज जगभरच्या पुस्तकांत धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. बाझलमध्ये पाणी दाबाने खाली घातलं, आमच्याकडे ते आपल्या वजनाने झिरपलं, फरक एवढाच.

तेव्हा मेगावॉट साहेब, "समजावून सांगितलं की भावना निवळतात" यावर आमच्या पिढीचा विश्वास बसत नाही. आम्हाला समजावणारेच चुकले होते आणि नळावरच्या बायका बरोबर होत्या.

(अवांतर: पुढे कोयनेजवळ गोठण्याला शास्त्रज्ञांनी भूकंपाचा अभ्यास म्हणून ३ किलोमीटर खोल बोअर मारलं. माझ्या मावसबहिणीचा फोन, "आता परत हलणार का रे?" ती सत्तरीची, तेव्हाही पायऱ्यांवर चप्पल काढून तयारीत झोपायची.)

---

खडकफोड्या (रविवार, सकाळी ९:३०)

पोफळी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी भूशास्त्रातला, आता निवृत्त. थोडी गल्लत होईल म्हणून आधीच सांगतो. "भूऔष्णिक" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोकांचा रागही त्यांच्यामधून इकडून तिकडे उड्या मारतो.

जिथे खाली गरम पाणी किंवा वाफ मुळातच आहे, ती बाहेर काढायची आणि वापरून परत खाली सोडायची, हा सगळ्यात जुना प्रकार. आइसलंड, जपान, म्युनिकच्या आसपासचा भाग. दुसरा बाझलसारखा, कोरड्या तापलेल्या खडकाला फटी पाडण्याचा. मोठे धक्के मुख्यतः यात. आणि तिसरा अगदी उथळ, शे-दीडशे मीटरचा, एखादी इमारत उबदार ठेवण्यापुरता. यात भूकंपाचा प्रश्न नसतो. तरीही नशीब फुटकं असेल तर काय होतं याचं उदाहरण धागाकर्त्यांच्या शेजारीच आहे. स्टाउफेनला गेला असाल तर लिहा, मी नुसतं वाचलंय.

कोकणाबद्दल: पालघरकडच्या कोकनेरपासून खाली राजापूरपर्यंत कुंडांची ओळ आहे. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे. गावांच्या नावांतच "ऊन" आहे बघा. सगळ्यात गरम म्हणजे खेडकडच्या उन्हवऱ्याचं, ७० अंशांच्या आसपास. खोलवर शंभराच्या वर असावं, असे पाण्याच्या रसायनावरून अंदाज आहेत. एवढ्यावर हेल्लिशेइदी होत नाही. छोटं यंत्र, काजू-मासळी वाळवणं, शीतगृह, असलं काही जमेल. म्हणजे मेगावॉटरावांनी लगेच पाटी लावायला जाऊ नये. ☺

---

राईनकाठचा (रविवार, दुपारी १:१५)

@खडकफोड्या, स्टाउफेनला दोनदा गेलोय, सायकल घेऊन. जर्मनीत फ्रायबुर्गजवळचं गोजिरं गाव, द्राक्षमळे, डॉक्टर फाउस्टला सैतानाने इथेच उचललं अशी दंतकथा.

२००७ मध्ये नगरपालिकेच्या जुन्या इमारतीला ऊब द्यायला सात बोअर मारले, १४० मीटरचे. हेतू किती चांगला! पण खाली अ‍ॅनहायड्राइटचा थर होता, त्याला पाणी लागलं आणि त्याचा जिप्सम व्हायला लागला. जिप्सम फुगतो. गाव वर उचललं जायला लागलं, सुरुवातीला महिन्याला सेंटिमीटरभर. अडीचशेहून जास्त घरांना तडे. मी गेलो तेव्हा एका बेकरीशेजारच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत तडा होता, जिन्यासारखा, आणि त्याच्या बाजूला लाल अक्षरांत पाटी: "स्टाउफेन मोडता कामा नये." तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवलेली, पट्टी फुटली की समजायचं अजून हलतंय.

तिथे राग कमी जाणवला. खिन्नता जास्त. कारण रागवायचं कोणावर? बोअर आपल्याच पालिकेने मारलं, पर्यावरणासाठी मारलं, आणि पहिले तडे तिच्याच इमारतीला गेले.

---

मेगावॉट (रविवार, दुपारी ३:००)

@पोफळी, तुमच्याबद्दल आदर आहे. माझा सूर चढला असेल तर माफ करा.

पण मुद्दा सोडत नाही. सांक्ट गालेनचं पुढे काय झालं ते धागाकर्त्यांनी खुबीने गाळलंय. तिथे पाणी अपेक्षेपेक्षा फारच कमी निघालं आणि २०१४ मध्ये तोही प्रकल्प सोडला. म्हणजे लोकांनी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, शेवटी खडक ठरवतो. भावनांवर एवढा काथ्याकूट कशाला?

---

राईनकाठचा (रविवार, दुपारी ३:२५)

गाळलं नव्हतं, यायचं होतं. पण पकडलंत खरं.

---

दक्षिणकोरियात_दोन_वर्षं (रविवार, संध्याकाळी ७:४०)

काथ्याकूट कशाला ते सांगतो. पोहांग.

१५ नोव्हेंबर २०१७, दुपार. मी तेव्हा सोलच्या बाजूला होतो, आमच्याकडेही जाणवला. ५.४ चा. शंभराहून जास्त जखमी. दुसऱ्या दिवशी देशभर बारावीनंतरची ती मोठी प्रवेशपरीक्षा होती. कोरियात त्या दिवशी विमानंसुद्धा थांबवतात, इतकी ती पवित्र. ती अख्खी परीक्षा आठवडाभर पुढे ढकलली. माझ्या सहकाऱ्याच्या मुलीने जुनी पुस्तकं आदल्या रात्रीच रद्दीत टाकली होती (तिथे तशी पद्धत आहे), ती रात्री ढिगाऱ्यातून शोधून आणावी लागली.

पोहांगचे लोक व्यायामशाळेत तंबू टाकून महिनोन्‌महिने राहिले. आणि मार्च २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की जवळच्या भूऔष्णिक प्रकल्पाने पाणी दाबल्यामुळे हा भूकंप झाला. भूकंपाच्या आधी, २०१७ च्याच एप्रिलमध्ये तीनच्या वरचा एक धक्का बसलेला होता. तो पाणी सोडल्यामुळे असू शकतो, हे शेजाऱ्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. एप्रिलमधला धक्का लोकांच्या कानावर घातला असता तर त्यांनी आरडाओरडा केला असता, आणि त्या आरडाओरड्याचा उपयोग झाला असता. खडक ठरवतो हे खरंच, पण खडक बोलायला लागला हे पहिल्यांदा वर राहणाऱ्यांनाच कळतं.

---

खडकफोड्या (रविवार, रात्री ८:०५)

शेवटचं वाक्य आमच्या विभागात फ्रेम करून लावायला हवं होतं.

---

ऊन_पाणी (रविवार, रात्री ९:२०)

मी संगमेश्वर तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, पण खडकफोड्या काकांच्या यादीच्या आसपासचंच समजा.

आमच्याकडे कुंड देवळाला लागून. सकाळी पुरुष, दुपारी बायका. बाळंतिणीला सव्वा महिन्याने तिथे नेतात. माझ्या आजीचे गुडघे त्या पाण्यावर चालतात (असं ती म्हणते, डॉक्टर म्हणतात गोळीवर चालतात). पाऊस संपला की गावातली मुलं कापडात तांदूळ बांधून सोडून बघतात, शिजतो का. शिजत नाही कधी धड, पण दर वर्षी बघतात.

तीन वर्षांपूर्वी एक जीप आली. दोन मुलं, एक मुलगी. कुंडात काहीतरी वायर सोडली, बाटल्या भरल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि गेली. कोणाशी काही बोलली नाहीत. अर्ध्या तासात गावात बातमी: कुंड बंद होणार. संध्याकाळपर्यंत: कंपनी आली, जमिनी जाणार. रात्री देवळात बैठक, ऐंशी माणसं. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही!

आजीने तेव्हा एकच विचारलं, "त्या पाण्याला हात लावायच्या आधी आईला इचारलं का कुनी?" आई म्हणजे देवी. कौल लावला होता का, असं तिचं म्हणणं.

नंतर कळलं, ती कॉलेजची पोरं होती, प्रोजेक्टसाठी नमुने घ्यायला आलेली. इतकंच.

तुम्ही हसाल. पण आमच्या बाजूला एन्‍रॉन झालंय, जैतापूर झालंय, नाणार झालं, मग बारसू. २०२३ मध्ये बारसूला माती तपासायला बोअरचं मशीन आलं तेव्हा बायका सड्यावर झोपल्या होत्या, उन्हात. आमच्याकडे बोअर मारायचं मशीन दिसलं की पोटात गोळा येतो. त्यात भूऔष्णिक काय आणि रिफायनरी काय, मशीन सारखंच दिसतं.

---

चिवडा_लाडू (रविवार, रात्री ९:३१)

तांदळाचा प्रयोग आवडला. वाचनखूण साठवली आहे. उन्हवऱ्याला नेऊन बघा, तिथे शिजेल.

---

मेगावॉट (रविवार, रात्री ९:५०)

ताई, हसणार नाही. पण याच तर अडचणी आहेत. तीन पोरांच्या बाटल्यांवरून ऐंशी माणसांची बैठक. याला मी अफवा म्हणतो, तुम्ही भावना म्हणता.

---

ऊन_पाणी (रविवार, रात्री १०:०२)

मी तिला हिशेब म्हणते. आधी चार वेळा जे झालं त्यावरून पाचव्या वेळी काय होईल याचा. तुम्ही आकडेमोड करणारे, तुम्हाला कळायला हवं.

आणि त्या पोरांनी देवळासमोर चपला काढून "आम्ही पाणी तपासायला आलोय, कुठल्या कंपनीकडून नाही" एवढं म्हटलं असतं तर आजीने त्यांना कुळथाच्या पिठल्यावर जेवायला बसवलं असतं. बैठक वगैरे काही नाही.

---

योकोहामा_लोकल (सोमवार, सकाळी ७:१५)

ताईंच्या आजीचा प्रश्न जपानमध्ये रोज विचारला जातो, फक्त देवीच्या ऐवजी ओन्सेनचे, म्हणजे गरम झऱ्यांवरच्या स्नानगृहांचे आणि सरायांचे, मालक विचारतात.

जपानखाली जवळपास २३ हजार मेगावॉट काढता येईल एवढी उष्णता आहे असं धरतात. या बाबतीत अमेरिका आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ तिसरा देश. आणि बसवलेली क्षमता? सहाशे मेगावॉटच्या आसपास. बऱ्याच जागा राष्ट्रीय उद्यानांत आहेत हे एक कारण, आणि ओन्सेनवाल्यांचा विरोध हे दुसरं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच झऱ्यावर सराय चालवणारी माणसं. ते म्हणतात, तुमची विहीर आमच्यापेक्षा कितीतरी खोल, वेगळ्या पाण्यावर आहे हे मान्य, पण वीस वर्षांनी आमचं पाणी गार झालं तर ते तुमच्यामुळे नाही हे आम्हाला कोण सांगणार? तुम्हीच ना?

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक जागा पाहिलीय, फुकुशिमाची त्सुचियु. २०११ च्या भूकंपानंतर गिऱ्हाईक आटलं, सराया बंद पडल्या. मग गावानेच, ओन्सेनवाल्यांनी मिळून, वर येणाऱ्या गरम पाण्यावर ४०० किलोवॉटच्या आसपासचं छोटं यंत्र बसवलं. नवीन खोल बोअर नाही, जे पाणी होतं तेच. यंत्रातून सुटलेल्या कोमट पाण्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी वाढवतात! मी गेलो तेव्हा टाकीत गळ टाकून पोरं कोळंबी पकडत होती आणि तिथेच भाजून खात होती. तिथे विरोधाचा फलक दिसला नाही. ज्यांनी विरोध केला असता तेच तिकीट फाडत होते.

---

पेले_बाई (सोमवार, सकाळी ८:४०)

हवाईहून एक भर. तिथले मूळ लोक ज्वालामुखीला पेले देवीचं शरीर मानतात. १९९० मध्ये तिथल्या पुना भागातल्या जंगलात बोअर मारण्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, शंभरावर लोकांना अटक झाली. त्यांचं म्हणणं धोक्याचं नव्हतंच मुळी. देवीच्या अंगात सुई टोचू नका, बस. याला कुठला तांत्रिक अहवाल पुरा पडणार?

पुनातच, पण त्या जंगलाबाहेर दुसरीकडे, एक केंद्र झालं, चाललंही. २०१८ मध्ये लाव्हा त्याच्या विहिरींवरून गेला तेव्हा तिथल्या माझ्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, "आली परत घ्यायला." नंतर केंद्र पुन्हा सुरू झालं. त्यावर बाई काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात.

---

बुलेटवरून_लडाख (सोमवार, दुपारी १२:२०)

लडाखमधल्या पुगाला दोनदा गेलोय, त्सो मोरिरीला जाताना सुमदोवरून. चौदा हजार फुटांच्या वर, चहूकडे वाफा, जमिनीवर पांढरं बोरॅक्स, मधोमध ओढा आणि ओढ्याकाठी चांगपा भटक्यांची मेंढरं-बकरं. पश्मिन्याची बकरी ती. भटक्यांच्या मुलांची निवासी शाळा तिथेच.

२०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या भूऔष्णिक विजेचा करार झाला, पहिल्या टप्प्यात एक मेगावॉट. ऑगस्ट २०२२ मध्ये बोअर मारताना खालचं पाणी उसळून ओढ्यात गेलं, काम थांबवावं लागलं. मी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेलो. चहाच्या तंबूत एक म्हातारा भेटला. वीज हवी का, विचारलं. म्हणाला, हवी तर, हिवाळ्यात शाळेत पोरं गारठतात. मग विरोध आहे का? नाही. मग? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "ओढा गढूळ झाला तेव्हा बकऱ्यांना पाजायचं की नाही, हे सांगायला कोणी आलं नाही."

हो पण, नाही पण, आणि मध्ये बकरी तहानलेली. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर याला कुठला चौकोन?

---

मेगावॉट (सोमवार, दुपारी १:०५)

हे मात्र चुकलंच. दोन तासांत माणूस पाठवून पाणी तपासून सांगता आलं असतं. याला तंत्रज्ञान लागत नाही, लाज लागते.

(तरीही म्हणतो, तो एक मेगावॉट त्या शाळेसाठी झाला पाहिजे.)

---

पोफळी (सोमवार, दुपारी २:३०)

त्यावर तुमच्याशी सहमत. पहिल्यांदाच.

---

खडकफोड्या (सोमवार, संध्याकाळी ६:००)

@ऊन_पाणी, तुमच्यासाठी खास. योकोहामावाल्यांनी जो प्रश्न टाकलाय ना, पाणी गार झालं तर कोण सांगणार, त्याचं निम्मं उत्तर तुमच्या हातात आहे. उद्या कोणी आलं काय, न आलं काय, तुमच्या कुंडाची नोंद तुमच्याकडे हवी. आज किती ऊन आहे, किती वाहतंय. नाहीतर वीस वर्षांनी "पूर्वी जास्त गरम होतं" याला पुरावा म्हणून फक्त आजीचे गुडघे उरतील.

करायचं काय: महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, जिथून पाणी बाहेर पडतं तिथे तापमान घ्यायचं. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, तो ४२ ला संपतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला ११० पर्यंतचा घ्या. प्रवाहासाठी बादली आणि मोबाइलचं घड्याळ. बादली भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजा. पावसाळ्यात फरक पडेल, घाबरू नका, तोही लिहा. वहीत, शाईने.

---

ऊन_पाणी (सोमवार, संध्याकाळी ६:१८)

काका, एवढं सोपं असेल तर करते. आईला विचारून!

---

चिवडा_लाडू (बुधवार, सकाळी ११:००)

धागा थंड पडला की काय? ऊन पाणी घाला कोणीतरी.

---

ऊन_पाणी (रविवार, रात्री ८:४५)

घाला म्हणालात म्हणून.

आज शाळेतल्या सरांकडून थर्मामीटर आणला, काचेचा. नारळ ठेवला, गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात "लेक तुझं पाणी मोजतेय, राग मानू नको" हेही घातलं. मग गोमुखाखाली धरला. बायकांची वेळ होती, सगळ्या परकर छातीशी बांधून कुंडाच्या कडेला उभ्या, काय येतंय बघायला. पारा चढायला लागला तशी गर्दी इतकी झाली की मीच आत पडायची.

५९. तीनदा घेतलं, तीनदा ५९. बादली (१५ लिटरची, आमची पितळी) भरायला २२, २३, २२ सेकंद.

वहीचं पहिलं पान भरलं. सह्या माझी, सरांची, आणि गुरवकाकांची. आजीने अंगठा लावायचा हट्ट धरला, तिला सही येते तरी. मग शेजारची काकू म्हणाली माझा पण लाव. आता पहिल्या पानावर अकरा अंगठे आहेत आणि आकड्यांना जागा कमी पडलीय.

पुढचं मोजमाप संकष्टीला. दिवसाबद्दल वाद चालू आहे, अर्ध्यांना अमावास्या हवीय.

---

खडकफोड्या (रविवार, रात्री ९:१०)

कुठलीही चालेल, पण वेळ बदलू नका. आणि दुसरी वही आणा, मोठी.